काळा मासा, दोन नावं

नातवाने 'काळा क्लाउनफिश' म्हणून आणलेलं पिल्लू चक्क तपकिरी निघालं. दुकानदाराने फसवलं, असं मी ठणकावून सांगितलं. बिचाऱ्याने ते परत केलं. मग मी जरा वाचत बसलो.

या माशांच्या नावांचा घोळ जुना आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेदने १८०२ मध्ये 'पर्क्युला'चं वर्णन केलं, क्युव्हिएने १८३० मध्ये 'ऑसेलॅरिस'चं. दिसायला जुळी भावंडंच. पाठीवरच्या परात पर्क्युलाला बहुधा १० काटे, ऑसेलॅरिसला ११. पण पोहत्या माशाचे काटे मोजणार कसे? (आम्हाला सहलीत पोरांची डोकी मोजताना घाम फुटायचा.) त्यात काळा रंग दोघांतही येतो. पर्क्युलाच्या 'ऑनिक्स' प्रकारात पांढऱ्या पट्ट्यांमधली जागा काळी होते, तोंड आणि पर मात्र नारिंगीच. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या किनाऱ्याजवळ सापडणारा ऑसेलॅरिस मोठेपणी जवळजवळ सगळाच काळा. आणि लहानपणी? तपकिरी-नारिंगी! काळेपणा वयाबरोबर चढत जातो.

म्हणजे दुकानदार खरंच बोलत असेल. नातवाला हे अजून सांगितलेलं नाही. रविवारी यायचा आहे तो.