पृष्ठभागाचा पहारा

सिलिकॉनच्या पातळ थराजवळ धातूची पट्टी धरून विभवांतर लावले, तर थरातील इलेक्ट्रॉनांची संख्या बदलेल आणि त्याची वाहकता कमीजास्त होईल. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विल्यम शॉकली यांनी १९४५ साली बांधलेला हा तर्क बरोबरच होता. प्रयोगात मात्र काटा हलेना.

कारण जॉन बार्डीन यांनी शोधले. स्फटिकाच्या आत प्रत्येक सिलिकॉन अणूचे चारही हात शेजाऱ्यांनी धरलेले असतात. पृष्ठभागावर स्फटिक संपतो, काही हात मोकळे राहतात आणि तेथे इलेक्ट्रॉन अडकतात. पट्टीने ओढलेले इलेक्ट्रॉन या सापळ्यांतच बसत. वाहायला उरत नसत. शंभर अणूंमागे असा एखादा सापळासुद्धा पुरतो, हे बार्डीन यांच्या १९४७ च्या निबंधातून दिसते.

पुढचा धागा योगायोगाने सापडला. वॉल्टर ब्रॅटन यांच्या सिलिकॉनवर बाष्प जमून मापने बिघडत, म्हणून त्यांनी नमुना सरळ द्रवातच बुडवला! नोव्हेंबर १९४७ मध्ये रसायनज्ञ रॉबर्ट गिबनी यांच्या सूचनेवरून द्रवाला विभवांतर लावले. आयनांनी पृष्ठभागालगत गर्दी केली आणि सापळे भरूनही उरेल इतके प्रबळ विद्युतक्षेत्र आत पोचले. महिन्याभरात, थोड्या वेगळ्या वाटेने, जर्मेनियमवर पहिला ट्रान्झिस्टर चालला.

पाठ्यपुस्तके येथे थांबतात. मला १९५३ चा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. ब्रॅटन व बार्डीन यांनी जर्मेनियमभोवतीचा वायू आलटूनपालटून बदलला. ओझोन मिसळलेला ऑक्सिजन सोडला की पृष्ठभागावर ऋणभार साठून लगतचे इलेक्ट्रॉन मागे सरत. दमट वायू सोडला की उलट. तुकडा तोच, फक्त त्यावर चिकटलेले अणुरेणू बदललेले. हेच पृष्ठशोषण. (विद्यार्थी त्याचा शोषणाशी घोळ करतात. स्पंज पाणी आत घेतो. येथे पाहुणे ओसरीवरच बसतात.)

हे पाहुणे टाळणे कठीण. हवेच्या दाबाच्या अब्जांश दाबावरही स्वच्छ पृष्ठभाग सेकंदभरात झाकला जाऊ शकतो. मोहम्मद अटाला यांनी तापवलेल्या सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर वाढवून बहुतेक मोकळे हात बांधून टाकले. १९६० मध्ये त्यांनी व दावोन कांग यांनी अशाच थरावर शॉकलींची मूळ कल्पना चालवून दाखवली.

जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली या खोडीलाच कामाला लावले. तापवलेल्या टिन ऑक्साइडवर बसलेला ऑक्सिजन त्याचे इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. स्वयंपाकाचा गॅस गळला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध घटतो आणि धोक्याची घंटा वाजते.