वात आणि तार

गेल्या सहामाहीत अकरावीच्या एका विद्यार्थ्याच्या दप्तरात पेनासारखी दिसणारी एक वस्तू सापडली आणि स्टाफरूममध्ये आमच्या टेबलावर येऊन पडली. ती ई-सिगारेट होती. विद्यार्थ्याला रागावून झाले, पालकांना निरोप गेला. पण त्याने विचारलेला प्रश्न मागे राहिला. “सर, यात काही जळतच नाही. नुसती वाफ आहे. मग वाईट काय?” विज्ञानाच्या शिक्षकाला ‘वाईटच आहे’ एवढे सांगून सुटता येत नाही. म्हणून त्या वस्तूच्या पोटात काय असते आणि ते तिथे कसे आले, याचा आम्ही माग काढला. सापडल्या त्या दोन जुन्याच गोष्टी : एक वात आणि एक तार.

वात तर आपल्या ओळखीची. समईत ती केशाकर्षणाने तेल वर खेचते. धाग्यांमधल्या फटी जितक्या अरुंद, तितके तेल उंच चढते. १७८०च्या सुमारास जिनिव्हाच्या आर्गां याने वात नळीसारखी गोल करून तिच्या आतूनही हवा खेळवली आणि दिव्याचा उजेड कित्येक पटींनी वाढवला. पुढे १८६०-६१च्या नाताळात मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे केवळ मेणबत्ती या विषयावर सहा व्याख्याने दिली. वातीचे हे काम त्यांनी त्यांत समजावून सांगितले आहे. आपल्यापुरती लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की तेल पोचते आहे तोवर वात फारशी जळत नाही. तेलाची वाफ होताना उष्णता वापरली जाते. तेल संपले, की मग वातच जळू लागते.

तारेचा इतिहास त्या मानाने अलीकडचा. ओहमने आपला नियम १८२७ साली मांडला आणि तारेतून विद्युतधारा गेल्यावर किती उष्णता निर्माण होते, हे जूलने १८४१ साली दाखवले. नियम हाती आला, पण त्याचा उपयोग करून घेणारी स्वस्त तार मिळायला आणखी साठ-पासष्ट वर्षे जावी लागली. लोखंडाची तार लाल होईपर्यंत तापवली, की हवेतल्या ऑक्सिजनने तिचे पोपडे निघतात. प्लॅटिनम टिकते, पण ते परवडणार कोणाला? अमेरिकेत शिकागो येथे अल्बर्ट मार्श याने निकेल आणि क्रोमिअम यांचे संमिश्र तयार केले. त्याचे पेटंट १९०६ सालचे आहे. हेच आपले नायक्रोम. त्याची तार तापली, की तिच्यावर क्रोमिअम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि आतला धातू वाचतो. म्हणजे ही तार जळत नाही, कारण तिची वरची कातडी आधीच जळून गेलेली असते! टोस्टर, इस्त्री, विजेची शेगडी ही सारी या कातडीची देणगी. १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये हान्स फॉन कांट्सोव याने लोखंड, क्रोमिअम व ॲल्युमिनिअम यांचे संमिश्र केले. त्यावरचा थर ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा असतो. आपले आडनाव आणि हाल्स्टाहामर हे गावाचे नाव जोडून त्याने त्याला ‘कांथल’ म्हटले.

आता या दोघांची भेट. औषधी द्रव्ये विजेने तापवून वाफ हुंगण्याच्या उपकरणाचे पेटंट जोसेफ रॉबिन्सन याला १९३० साली मिळाले. १९६५ साली हर्बर्ट गिल्बर्ट याला तंबाखूविना, धुराविना चालणाऱ्या सिगारेटचे पेटंट मिळाले. दोन्ही कल्पना बाजारात रुजल्या नाहीत. चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ साली जे उपकरण केले, त्यात श्राव्यातीत कंपनांनी द्रवाचे तुषार केले जात. पुढच्या उत्पादकांनी मात्र सोपी वाट धरली. निकोटिन मिसळलेल्या ग्लिसरीन व प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये वात बुडवायची आणि वातीभोवती तार गुंडाळायची. २०१०नंतरच्या वर्षांत अनेक देशांतले हौशी लोक ही वेटोळी घरीच वळू लागले. सळईभोवती कांथलची तार गुंडाळायची आणि तिच्या पोकळीत कापूस सारायचा. कापूस घट्ट बसला तर द्रव पोचत नाही, सैल बसला तर गळतो.

इथे फळ्यावर एक गणित मांडता येईल. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १००० वॅटच्या शेगडीतल्या तारेचा रोध सुमारे ५३ ओहम असतो आणि तिच्यातून ४.३ ॲम्पिअर धारा जाते. आता ३.७ व्होल्टचा एक लिथिअम घट घेऊ. वेटोळ्याचा रोध १ ओहम असेल, तर धारा ३.७ ॲम्पिअर आणि शक्ती सुमारे १४ वॅट. जास्त वाफ हवी म्हणून कोणी जाड तारेचे थोडेच वेढे घेतले आणि रोध ०.२ ओहमवर आणला, तर धारा होते १८.५ ॲम्पिअर, म्हणजे शेगडीच्या चौपटीहून अधिक, आणि तीही बोटभर घटातून. घट भलताच तापण्याचा धोका इथूनच सुरू होतो.

दुसरा धोका वातीचा. कागदाच्या द्रोणात पाणी उकळण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो. पाणी आहे तोवर कागद पेटत नाही. ओल्या वातीतल्या तारेचेही तसेच. तिचे तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास राहते : प्रोपिलीन ग्लायकॉलचा १८८ अंश सेल्सिअस, ग्लिसरीनचा २९०. वात कोरडी पडली, की तापमान एकदम चढते. कापूस करपतो आणि ग्लिसरीन विघटित होऊन ॲक्रोलीन तयार होते. जळलेल्या तेलाचा नाकाला झोंबणारा वास बराचसा याचाच. अमेरिकेतल्या संशोधकांना २०१५ साली जास्त व्होल्टेजवर फॉर्माल्डिहाइडशी निगडित संयुगे आढळली, कमी व्होल्टेजवर आढळली नाहीत. त्यावर इतरांनी आक्षेप घेतला, की इतकी कोरडी, कडवट वाफ कोणी ओढणारच नाही. वाद झाला, पण तापमान हाच कळीचा मुद्दा आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य होते.

तार तरी निर्धोक आहे का? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली ५६ जणांची रोजच्या वापरातली उपकरणे तपासली. बाटलीतल्या द्रवात नगण्य असलेले निकेल, क्रोमिअम आणि शिसे वाफेत अधिक प्रमाणात आढळले. म्हणजे द्रवाने ते उपकरणाच्या धातूंच्या भागांतून, विशेषतः तापणाऱ्या वेटोळ्यातून, उचलले होते.

या इतिहासात आम्हाला उत्तर सापडले ते असे. मार्शची तार पाव भाजण्यासाठी होती. तिच्यावरून जाणारी हवा कोणाच्या छातीत जायची नव्हती. ग्लिसरीन खोकल्याच्या औषधात चालते, पण ते पोटात जाते. एका कामासाठी पारखलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावली, की परीक्षा नव्याने द्यावी लागते. फुप्फुसाच्या बाबतीत ती दीर्घकाळाची परीक्षा अजून पुरी झालेली नाही.

सिगारेटच्या धुरातली पुष्कळशी विषारी द्रव्ये या वाफेत नसतात किंवा कमी असतात, हे त्या विद्यार्थ्याचे म्हणणे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण ज्याने सिगारेट कधी ओढलीच नाही, त्याने तुलना करायची ती धुराशी नव्हे, स्वच्छ हवेशी. शिवाय निकोटिनचे व्यसन लागते ते लागतेच. आपल्या देशात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आहे, हेही त्याला माहीत हवे. मात्र केवळ कायदा सांगून आपले काम संपत नाही. आम्ही त्या विद्यार्थ्याला पुढच्या तासाला कागदाचा द्रोण करून आणायला सांगितले आणि प्रयोग त्यालाच करायला लावला. पाणी आटले, द्रोणाचा तळ तपकिरी झाला, मग काळा पडला. वर्गात करपट वास पसरला. त्याने खिडकी उघडली. त्याला वेगळे काही सांगावे लागले नाही.