पेढीत आलेली पिंपे

लंडन शहराच्या अगदी गाभ्यात, जेथे मैलभराच्या परिसरात जगातल्या पैशाचा हिशेब ठेवला जातो, तेथे ग्रेसचर्च स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरील 9 क्रमांकाची दगडी इमारत बाहेरून पाहणाऱ्याला पेढी वाटते, आणि त्यात पाहणाऱ्याची चूक नाही. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ती पेढीसाठीच उभारली गेली. हाँगकाँग अँड शांघाय बँकेचे लंडनमधील कार्यालय येथे होते. मुंबईकराला हे नाव परके नाही. 1853 साली मुंबईत स्थापन झालेली मर्कंटाइल बँक 1959 साली याच बँकेने विकत घेतली, आणि त्या वेळी तिचे लंडनचे दप्तर याच छताखाली होते. आज मात्र त्या दालनात शिरणारा मनुष्य हुंडी वटवावयास जात नाही. संगमरवरी खांबांच्या मध्यभागी एक प्रशस्त फड आहे, फडावर लाकडी मुठींचे हातपंप ओळीने उभे आहेत, आणि गिऱ्हाईक पाटी वाचून आपल्या पसंतीची एल मागत आहे. या पबचे नाव 'क्रॉस कीज', आणि त्याचा मालक म्हणजे इंग्लंडभर शेकडो पब चालविणारी वेदरस्पून ही कंपनी.

नाव मात्र पेढीहून फार जुने आहे. याच भागात एलिझाबेथ राणीच्या काळी 'क्रॉस कीज' नावाची सराई होती. फुलीसारख्या एकमेकींवर ठेवलेल्या दोन किल्ल्या हे सेंट पीटरचे चिन्ह, आणि त्या संताचे देऊळ हाकेच्या अंतरावर. सराईच्या अंगणात नाटके होत. प्रेक्षक सज्जांतून पाहत आणि पेले भरले जात. 1666 च्या आगीत लंडनच्या या भागाची राख झाली. सराई गेली, पेढी आली, पेढी गेली आणि पुन्हा पेले आले. एवढ्या फेऱ्यांनंतर आत जे ओतले जाते ते तेच आहे काय, हा आमच्या आजच्या विषयाचा गाभा होय.

आपल्याकडे दारूचे दुकान म्हटले की गुत्ता डोळ्यांसमोर येतो. मान खाली घालून शिरण्याची आणि चेहरा चुकवून बाहेर पडण्याची जागा. मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा झाला त्यामागे ही लोकभावना होतीच. त्या कायद्याच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. परंतु इंग्लंडचा सामाजिक इतिहास वाचताना हा चष्मा उतरवून ठेवावा लागतो. तेथे 'पब्लिक हाऊस' हे खरोखरच सार्वजनिक घर होते. गावकीच्या बैठका तेथे भरत, मजूर संघटनांच्या आरंभीच्या सभा तेथे होत. 1215 च्या मॅग्ना कार्टामध्ये राजाकडून जी वचने घेतली गेली त्यांत साऱ्या राज्यात एलचे माप एकच असावे हेही कलम आहे. राजाला वेसण घालणाऱ्या सनदेत पेल्याच्या मापाला जागा मिळाली, यावरून काय ते समजावे.

आता ही एल म्हणजे काय? जुन्या काळी हॉप नावाच्या वेलीची फुले न घालता केलेल्या जवाच्या पेयाला एल म्हणत, आणि पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून हॉप आल्यावर जे कडसर पेय झाले त्याला बिअर म्हणत. पुढे हा भेद मावळला. आज 'रिअल एल' म्हणून जी ओळखली जाते तिचे मर्म असे की, ती पिंपात भरली जाते तेव्हा तिच्यातील किण्व जिवंत असते. कारखान्यातून निघाल्यावरही ती पिंपातच आंबत, पिकत राहते आणि आपला वायू आपणच तयार करते. कोकणातल्या मनुष्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पहाटे उतरवलेली नीरा उन्हे चढता चढता माडी होऊ लागते हे त्याने पाहिलेले असते, आणि संध्याकाळची चव सकाळी मिळत नाही हेही तो जाणतो.

म्हणून एल विकणे हे दुकानदारीपेक्षा दाईपणाच्या जवळचे काम आहे. 9 गॅलनचे, म्हणजे सुमारे 41 लिटरचे, 'फर्किन' नावाचे पिंप तळघरात आडवे ठेवावयाचे. तेथील उष्णता 12 अंश सेल्सियसच्या आसपास राखावयाची. पिंपाच्या पोटावरील बुचात लाकडी खुंटी ठोकून साचलेला वायू बेताने निघू द्यावयाचा. मऊ लाकडाची खुंटी वायूला वाट देते, कठीण लाकडाची ती बंद करते. मग किण्वाचा गाळ तळाशी बसेपर्यंत एखादा दिवस थांबावयाचे. त्यासाठी माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ घालण्याची जुनी रीत आहे. शाकाहारी मंडळींची त्यावरून तेथेही कुरकुर असते. निवळलेली एल हातपंपाने ओढून वर आणावयाची. या पंपाचे एकस्व 1797 साली जोसेफ ब्रामा याने घेतले. हा ब्रामा म्हणजे न फुटणारी कुलुपे करण्याबद्दल नावाजलेला कारागीर. त्याचे कुलूप 1851 साली एका अमेरिकनाने अखेर उघडले. पंप मात्र अजून चालतोच आहे. पेढीच्या इमारतीत त्याची आठवण व्हावी हे आम्हाला गमतीचे वाटते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पिंपातून जितकी एल निघते तितकी बाहेरची हवा आत शिरते, आणि हवा शिरली की ऱ्हास सुरू होतो. फोडलेले पिंप तीन दिवसांत संपले पाहिजे. चौथ्या दिवशी ते आंबट होऊ लागते. हा तीन दिवसांचा हिशेब श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढचा बहुतेक इतिहास त्यातून निघतो.

या अडचणीवर कारखानदारांनी काढलेला तोडगा म्हणजे 'केग'. बिअर गाळावयाची, तापवून किण्व मारावयाचे, धातूच्या बंद पिंपात भरावयाची आणि बाहेरून आणलेल्या वायूच्या जोराने पेल्यात ढकलावयाची. वॉटनी कंपनीने 1930 च्या दशकात असे प्रयोग केले. ज्या टेनिस क्लबात प्रथम ही बिअर गेली तेथे गर्दी फक्त शनिवार-रविवारी होई आणि एरवी पिंप पडून खराब होई, अशी त्याची हकीगत सांगतात. मेलेली बिअर आठवडाभर टिकते, हा तिचा गुण. दुसऱ्या महायुद्धानंतर वाहने वाढली, दूरदर्शनवर जाहिराती आल्या, कारखाने एकमेकांना गिळू लागले आणि 'रेड बॅरल' हे नाव इंग्लंडभर झाले. 1970 च्या सुमारास सहा बड्या कंपन्यांच्या हाती देशातील बहुतेक बिअर आली होती.

केवळ बिअर नव्हे, पबही त्यांचेच होते, आणि याचे मूळ शोधण्यासाठी शतकभर मागे जावे लागते. 1830 साली वेलिंग्टनच्या सरकारने कायदा केला की, कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थाने दोन गिनी भरून बिअर विकण्याचा परवाना घ्यावा. जिनसारख्या कडक दारूपासून लोक सुटावेत हा हेतू. घराघरांतून बिअरची दुकाने निघाली. 1869 साली परवान्यांची दोरी पुन्हा न्यायाधीशांच्या हाती दिली गेली. परवाने दुर्मिळ झाले, दुर्मिळ झाले म्हणून महाग झाले, आणि ते घेण्यास पैसा होता कारखानदारांपाशी. अशा रीतीने 'बांधलेले' पब निर्माण झाले: जागा कारखान्याची, भाडेकरू पबवाला, आणि विकावयाची ती त्याच कारखान्याची बिअर. आपल्याकडे सावकाराच्या दुकानातूनच किराणा घेण्याची सक्ती असलेले कूळ ज्याने पाहिले आहे त्याला हा बंध ओळखीचा वाटेल.

या स्थितीविरुद्ध 1971 साली चार तरुण इंग्रजांनी आयर्लंडच्या पश्चिम टोकाला सुटीवर असताना एक चळवळ काढली. तिचे नाव 1973 पासून 'कँपेन फॉर रिअल एल', संक्षेपाने कॅम्रा. पहिले काही महिने ही थट्टाच होती. पण 1974 साली त्यांनी चांगल्या एलच्या पबांची मार्गदर्शिका छापली, आणि तीत वॉटनीच्या बिअरबद्दल प्लेगची उपमा इतक्या मोकळेपणी आली होती की, प्रकाशकाला ते शब्द सौम्य करून पुन्हा छापावे लागले. ग्राहकांनी केवळ चवीसाठी एवढी मोठी संघटना उभारावी, तिची सभासदसंख्या लाखाच्या पुढे जावी, याला आम्ही गेल्या शतकातील लहानसे आश्चर्य समजतो. बड्या कंपन्या दचकल्या आणि पुन्हा हातपंप बसवू लागल्या.

पुढे 1989 साली मक्तेदारी आयोगाच्या अहवालावरून सरकारने हुकूम काढला. ज्या कारखानदाराकडे 2,000 हून अधिक पब असतील त्याने त्यावरील निम्मे विकावेत किंवा बंधमुक्त करावेत, आणि बांधलेल्या पबवाल्यालाही दुसऱ्या कारखान्याची एक पिंपातील एल ठेवण्याची मुभा असावी. हेतू शुद्ध होता. परिणाम असा झाला की, विकलेले हजारो पब स्वतंत्र पबवाल्यांना न मिळता नव्या मालमत्ता कंपन्यांच्या पदरात पडले. या कंपन्या बिअर गाळीत नव्हत्या, पण भाडे आणि बिअरची सक्ती दोन्ही चालू ठेवीत होत्या. 1830 चा कायदा, 1869 चा कायदा आणि हा हुकूम एकापुढे एक मांडून पाहिले, तर लंडनच्या सरकारने दर वेळी एक दार लावले आणि माणसे खिडकीतून आत आली असे दिसते.

वेदरस्पून ही या गोंधळातून वर आलेली कंपनी, परंतु तिचा घाट निराळा. टिम मार्टिन या गृहस्थाने 1979 साली उत्तर लंडनमधील मझवेल हिल भागात पहिला पब उघडला आणि त्याला पुढे आपल्या एका शिक्षकाचे आडनाव दिले. 1992 साली कंपनीचे भाग बाजारात आले. कोणत्याही कारखान्याशी ती बांधलेली नव्हती. त्यामुळे लहानातल्या लहान कारखान्याची एल घेण्यास ती मोकळी होती. तिच्या पबांत गाणेबजावणे ठेवीत नसत. ही कल्पना जॉर्ज ऑर्वेलच्या एका लेखावरून आलेली आहे. बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेल्या या लेखकाने 1946 साली लंडनच्या एका सायंदैनिकात 'मून अंडर वॉटर' नावाच्या आदर्श पबचे वर्णन केले आणि शेवटी असा पब अस्तित्वात नाही असे कबूल केले. वेदरस्पूनने तेच नाव आपल्या कितीतरी पबांना दिले. मँचेस्टरच्या डीन्सगेटवर 1995 साली एका जुन्या चित्रपटगृहात त्यांनी उघडलेला 'मून अंडर वॉटर' तर देशातील सर्वांत मोठा पब म्हणून गाजला. ऑर्वेलचा पब आडगल्लीतला होता, तेथील वाढणाऱ्या बायका गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखत. हजारभर माणसे मावतील अशा दालनात कोण कोणाला ओळखणार?

तरीही या मोठ्या जागांची थट्टा करून आम्ही मोकळे होणार नाही. पेढ्यांची एकत्रीकरणे झाली, चित्रपटगृहे ओस पडली, टपाल कचेऱ्या हलल्या. गावांच्या मध्यभागी उंच छतांची दालने कुलूपबंद उभी राहिली. टनब्रिज वेल्सचे 1902 चे ऑपेरा हाऊस, एडिंबरोच्या जॉर्ज स्ट्रीटवरील पेढी या वास्तू पब झाल्या म्हणून लोकांना आत जावयास मिळतात. एडिंबरोला तर जाडजूड तिजोरीखोली तशीच ठेवली आहे. मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावरील इराण्याच्या हॉटेलात जसा कोणीही मनुष्य एका चहावर तासभर बसू शके, तसा येथे निवृत्त कारकून सकाळपासून वर्तमानपत्र घेऊन बसतो, आणि त्याला कोणी उठवीत नाही. दर कमी, म्हणून गर्दी. गर्दी, म्हणून पिंप तीन दिवसांच्या आत संपते. आणि पिंप संपते म्हणून एल ताजी. ज्या जिवंत पेयासाठी कॅम्राने गल्लीतल्या लहान पबची बाजू घेतली, ते पेय राखण्याचे गणित मोठ्या दालनातच अधिक सहज सुटते. कॅम्राच्या सभासदांना या कंपनीने काही वर्षे सवलतीची कुपनेही दिली. त्यावरून चळवळीत वाद झाले, आणि ते साहजिक होते.

कारण दुसरी बाजूही खरी आहे. 2000 साली ब्रिटनमध्ये 60,000 हून अधिक पब होते; आता ते 45,000 च्या आसपास आले आहेत. याचा सारा दोष मोठ्या पबांवर टाकणे अन्यायाचे होईल. मालमत्ता कंपन्यांची भाडी, सरकारी कर, मोठ्या दुकानांतील स्वस्त डबे, 2007 ची धूम्रपानबंदी अशी कारणे पुष्कळ आहेत. परंतु हमरस्त्यावरील दराशी लहान पबवाल्याला बरोबरी करता येत नाही, आणि त्यामागोमाग त्याचे पिंपही तीन दिवसांत संपत नाही.

क्रॉस कीजच्या फडावर एखादी 'इंडिया पेल एल' हमखास आढळते. हॉजसन नावाच्या लंडनच्या कारखानदाराने ती हिंदुस्थानासाठी शोधून काढली ही दंतकथा खरी नव्हे. पण त्याची बिअर कंपनीच्या जहाजांतून केपला वळसा घालून, चार-सहा महिने हेलकावे खात, कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला येई आणि वाटेत पिंपातच पिकत असे, हे खरे. 1820 च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने त्या बाजारात उडी घेतली. आज त्या नावात आपला देश उरला आहे तो पाटीपुरता.

फडावरील एखाद्या पंपाची पाटी उलटी फिरवलेली दिसली, तर ते पिंप संपले असे समजावे. पुढचे पिंप तळघरात आलेले असते, परंतु ते अजून निवळलेले नसते. गिऱ्हाईक शेजारच्या पंपाकडे वळते. तसे पंप तेथे पुष्कळ आहेत. गल्लीतल्या पबात एखाददुसराच असतो, आणि तेथला पबवाला आपल्या पिंपात किती उरले आहे ते पाहण्यास दिवसातून दोनदा तळघरात उतरतो.