वजन किती भरलं?

या शनिवारी थोडा इतिहास. निमित्त आहे सीएसडब्ल्यूए, म्हणजे सर्टिफाइड सॉलिडवर्क्स असोसिएट ही परीक्षा. कॅड शिकणाऱ्या पोरांची ही पहिली पायरी. मी डिग्रीने मेकॅनिकल आणि पोटापाण्याने आयटीवाला (आमच्या बॅचमधले निम्मे असेच!). दोन महिन्यांचे शनिवार-रविवार घालवून ही परीक्षा दिली, पास झालो. नोकरीत तिचा उपयोग शून्य. पण त्या परीक्षेची प्रश्न विचारायची पद्धत काही डोक्यातून जाईना.

ती तुम्हाला मॉडेल बनवायला लावते आणि मॉडेलकडे बघतच नाही. एका पार्टचं ड्रॉइंग देतात, मटेरियल देतात, समजा ॲल्युमिनियम, घनता ०.००२७ ग्रॅम प्रति घन मिलिमीटर, आणि विचारतात, वजन किती ग्रॅम? एखादं भोक राहिलं, एखादी जाडी चुकली, की आकडा चुकलाच. मग पुढचा प्रश्न : याच पार्टमध्ये अमुक माप बदला, तमुक बदला, आता वजन किती? ज्याने मॉडेल नीट बांधलंय त्याचं काम दोन मिनिटांत होतं. ज्याने कसंबसं जुळवलंय त्याच्या स्क्रीनवर लाल एररची रांग लागते आणि तो बिचारा पहिल्यापासून सुरू करतो.

हे ‘बदलून दाखव’ प्रकरण आलं कुठून? तर थेट १९६३ मधून. एमआयटीचा पीएचडीचा विद्यार्थी आयव्हन सदरलँड याने लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-२ या कॉम्प्युटरवर स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम लिहिला. लाइट पेनने काचेवर रेघ काढता येते याचंच लोकांना अप्रूप. पण खरी गंमत वेगळी होती. या दोन रेघा समांतर ठेव, या दोन सारख्या लांबीच्या ठेव, असं त्याला सांगता यायचं. मग एक हलवली की बाकीच्या आपोआप जागेवर यायच्या. आज सॉलिडवर्क्समध्ये स्केचच्या निळ्या रेघा पूर्ण बांधल्या गेल्या की काळ्या होतात, ते याच कल्पनेचं नातवंड.

पण सर्वसामान्यांच्या टेबलावर कॅड आलं ते या कल्पनेला बाजूला ठेवून. १९८२ मध्ये जॉन वॉकर आणि मंडळींनी ऑटोडेस्क काढली आणि त्याच वर्षी पर्सनल कॉम्प्युटरवर चालणारं ऑटोकॅड दाखवलं. ते ड्रॉइंग बोर्डाचंच स्क्रीनवरचं रूप होतं. रेघ म्हणजे रेघ, बास. माझा मामा आयटीआय झालेला ड्राफ्ट्समन, भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात. ट्रेसिंग पेपरवर शाईने ड्रॉइंग काढायचं, चुकलं तर ब्लेडने शाई खरवडायची, मग अमोनिया प्रिंट. त्या वासाची आठवण तो अजून काढतो. कारखान्यात ऑटोकॅड आलं तेव्हा तीन महिन्यांत शिकला. काम तेच होतं, फक्त ब्लेड गेलं. थ्रीडी आलं तेव्हा मात्र त्याला कुणी शिकायला पाठवलंच नाही. स्टोअरमध्ये बसवलं. पगार तोच, टेबल गेलं.

तो दुसरा बदल खरोखरच वेगळ्या जातीचा होता. सोव्हिएत युनियनमधून अमेरिकेत आलेला गणितज्ञ सॅम्युअल गाइसबर्ग याने १९८५ मध्ये पीटीसी कंपनी काढली आणि १९८८ च्या सुमारास प्रो-इंजिनियर बाजारात आलं. यात तुम्ही रेघा काढत नाही, पार्टची पाककृती लिहिता. हा चौकोन घे, एवढा उंच कर, मधोमध भोक पाड. माप बदललं की पाककृती पुन्हा चालते आणि पार्ट नव्याने उभा राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर मॉडेल म्हणजे सोर्स कोड आणि ड्रॉइंग म्हणजे बिल्ड! मामाचं आयुष्य ज्या गोष्टीत गेलं ती आता नुसतं आउटपुट झाली होती.

पण हे सगळं महागड्या युनिक्स वर्कस्टेशनवर. ते विंडोजवर आणायचं ठरवलं जॉन हर्शटिकने. हा एमआयटीच्या प्रसिद्ध ब्लॅकजॅक टीममधला. पत्त्यांच्या त्या कमाईतले सुमारे १० लाख डॉलर घालून त्याने १९९३ मध्ये सॉलिडवर्क्स सुरू केली (घरी सांगून बघा असं काही!). १९९५ मध्ये पहिली आवृत्ती आली, १९९७ मध्ये फ्रान्सच्या दासो सिस्टिम्सने कंपनीच विकत घेतली. यात आपलाही एक धागा आहे. सॉलिडवर्क्सबरोबर येणारं फीचरवर्क्स हे मुंबईच्या, तेव्हा गोदरेज समूहात असलेल्या जिओमेट्रिक कंपनीने बनवलेलं. बाहेरून आलेल्या मुक्या मॉडेलमधली भोकं, गोलवे ओळखून ते त्याची हरवलेली पाककृती परत लिहितं. डोकं लावलंय राव!

सॉफ्टवेअर स्वस्त झालं, गल्लोगल्ली क्लास निघाले, आणि ‘मला कॅड येतं’ म्हणणाऱ्याची परीक्षा घ्यायची कशी हा प्रश्न आला. सुंदर चित्र कुणीही दाखवेल, वजन मात्र फसवत नाही. म्हणून ही परीक्षा मला आवडली. तिच्यात पाठांतराला फारशी जागा नाही. आपल्याकडे इंजिनियरिंग ड्रॉइंगची शीट खालून दिवा लावून मित्राच्या शीटवरून उतरवता येते, त्यामानाने तर फारच बरी!

सरावाचा एक पार्ट मी मामाला लॅपटॉपवर दाखवला. पुस्तकातलं उत्तर आणि माझं वजन ग्रॅममध्ये तंतोतंत जुळलेलं. त्याने चष्मा वर केला, पॉकेटच्या आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“अरे, इथे कटर कसा जाणार?”

कोपरा अगदी काटकोनी होता. कटर गोल फिरतो, त्यामुळे मिलिंगला तिथे रेडियस राहतोच. काटकोनच हवा तर तो पार्ट पुढे स्पार्कवर न्यायचा, म्हणजे वेगळं मशीन आणि वेगळे पैसे. हे त्याने मला दोन मिनिटांत सांगितलं. परीक्षेत मला असं काही कुणी विचारलं नव्हतं.