मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेंत सांपडलेला दुसरा रोग

फुलचूर हें गांव गोंदिया शहरास इतकें लागून आहे कीं, गांव कोठें संपलें व शहर कोठें लागलें हें परक्यास कळूं नये. भाताच्या गिरण्या आणि विडीचा धंदा यांसाठीं हा मुलूख प्रसिद्ध आहे. तेंदूच्या पानानें येथील कैक घरांच्या चुली पेटत ठेवल्या. त्या विडीच्या धुराचा पुढचा प्रवास मात्र पुष्कळांस ठाऊक नसतो. धुरांतील कांहीं विषारी द्रव्यें फुफ्फुसांतून रक्तांत, तेथून मूत्रपिंडांत आणि अखेर मूत्राशयांत उतरतात व तेथें लघवीबरोबर तासन् तास साठून राहतात. मूत्राशयाच्या कर्करोगाचें तें एक मोठें कारण आहे. रसायनांचा या रोगाशीं संबंध १८९५ सालीं फ्रँकफुर्टचा शस्त्रवैद्य लुडविग रेन यानें प्रथम दाखविला. त्याचे रोगी रंगाच्या कारखान्यांतील कामगार होते.

रोग मूत्राशयाच्या स्नायूंत शिरला म्हणजे पुष्कळदां सबंध मूत्राशयच काढावा लागतो. कोलोन येथें बार्डेनहॉयरनें १८८७ मध्यें हें धाडस प्रथम केलें; रोगी दोन आठवड्यांतच दगावला. खरी अडचण कापण्याची नव्हती, तर मूत्रास नवी वाट करून देण्याची होती. अमेरिकेंतील ब्रिकरनें १९५० सालीं आंतड्याच्या तुकड्याची नळी करून ती वाट दाखविली, आणि मग ही शस्त्रक्रिया जगभर रुळली.

पुरुषांमध्यें मूत्राशयाबरोबर त्याच्या तळाशीं चिकटलेली प्रॉस्टेट ग्रंथिही सामान्यतः काढतात. मूत्रमार्ग तिच्यांतूनच जातो आणि रोग तिच्यांत उतरण्याचें भय असतें. काढलेला भाग विकृतिशास्त्रज्ञाकडे जातो. तो ग्रंथीचे काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतो, आणि कधीं कधीं त्याला तेथें निराळाच कर्करोग आढळतो: मूत्राशयांतून पसरलेला नव्हे, ग्रंथीचा स्वतःचा. रोग्यास त्याची कांहींच जाणीव नसते. या दोहोंत गफलत झाली तर अनर्थ होईल. मूत्राशयाचा रोग खालीं पसरला असेल तर तें गंभीर लक्षण, पण ग्रंथींतला लहानसा स्वतंत्र रोग बहुधा निरुपद्रवी.

हें दडलेलें दुखणें किती सर्वसामान्य आहे, हें कळावयास वैद्यकास बराच काळ लागला. लंडनच्या अ‍ॅडम्सनें १८५३ मध्यें सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें प्रॉस्टेटचा कर्करोग ओळखला, तेव्हां त्यानें त्यास अत्यंत विरळा रोग म्हटलें. पुढें १९३५ सालीं बाल्टिमोरच्या अर्नोल्ड रिच यानें पन्नाशी उलटलेल्या २९२ पुरुषांच्या शवविच्छेदनांत शोध घेतला, तों सुमारें १४ टक्क्यांत हा रोग आढळला. त्यांतील पुष्कळजण तो अंगीं असतां निराळ्याच कारणानें मेले होते. माझ्या मतें, ग्रंथिरोगाच्या इतिहासांत याहून डोळे उघडणारी गणना विरळाच. मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेंत आढळणारे आंकडेही असेच बदलतात: कोठें पांचांतून एकास, तर कोठें निम्म्यांच्या आसपास. काप जितके पातळ व जवळजवळ, तितका रोग अधिक सांपडतो. म्हणून दोन ठिकाणच्या आंकड्यांची तुलना जपून करावी.

आपल्याकडे अशी चिकित्सक तपासणी रुजविण्यांत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा वांटा मोठा आहे. परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें उघडलें, आणि वसंत रामजी खानोलकर यांनीं तेथील प्रयोगशाळांची धुरा सांभाळली. तंबाखू चघळणें व तोंडाचा कर्करोग यांवरील त्यांचें काम जगास ठाऊक झालें. गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें २०१६ सालीं.

रोग्याच्या घरीं हा अहवाल पोंचतो तेव्हां ‘आणखी एक कर्करोग’ या शब्दांनीं सारें घर हादरतें. वैद्यानें त्यांस आधीं हें सांगावें कीं ग्रंथि तर काढून झाली आहे, व पुढील आयुष्याचा भरंवसा मुख्यतः मूत्राशयाच्या रोगावर अवलंबून आहे. ग्रंथीच्या रोगासाठीं निराळा उपचार क्वचितच लागतो. ठराविक काळानें पी.एस.ए. ही रक्ताची चांचणी करवून घ्यावी लागते. ग्रंथि नसल्यानें तिचा आंकडा जवळजवळ शून्य राहावयास हवा; तो चढूं लागला तरच फिरून शोध घ्यावयाचा.