वरून दिसणारा धूर

वणवा म्हटलं की आपल्याला फाल्गुन-चैत्रातले सह्याद्रीचे वाळलेले डोंगर आठवतात, जर्मनी काही आठवत नाही. पण मंडळी, आजची गोष्ट तिथलीच आहे.

उत्तर जर्मनीत लोअर सॅक्सनी प्रांतात ल्यूनेबुर्ग हाइड नावाचा माळ आहे. जमीन रेताड, पाणी धरून न ठेवणारी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लवकर वाढतात म्हणून मैलोन्‌मैल पाइनची झाडं लावली गेली. पाइन म्हणजे राळ, आणि राळ म्हणजे... असो.

साठच्या दशकात तिथल्या अग्निशमन दलांच्या संघटनेने स्वतःची हवाई सेवा सुरू केली. जर्मनीत गावोगावचे बंबवाले बहुतेक स्वयंसेवकच असतात. पोटापाण्याचा उद्योग वेगळा, भोंगा वाजला की धावायचं. ही हवाई सेवाही तशीच. लहानसं सेस्ना विमान, त्यात वैमानिक, अग्निशमन दलाचा निरीक्षक आणि सोबत जंगल खात्याचा माणूस. हा तिसरा माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. शेतातल्या कापणीची धूळ दुरून अगदी धुरासारखी दिसते. शिवाय वरून सगळं पाइन एकसारखंच! कुठली वाट कुठल्या पट्ट्यात शिरते, हे ते जंगल पायाखाली घातलेल्यालाच ठाऊक.

म्हणजे आकाशात डोळे होते. तरीही १९७५ चा ऑगस्ट उजाडला. आधी १९७२ च्या नोव्हेंबरातल्या वादळाने लाखो झाडं आडवी केली होती, त्यात कडक उन्हाळा आणि वारा. ८ ऑगस्टपासून एकामागून एक आगी लागत गेल्या. १० ऑगस्टला माइनर्सेन गावाजवळ वारा फिरला आणि अग्निशमन दलाचे पाच जण ज्वाळांनी वेढले गेले. पाचही गेले. फ्रान्सहून आलेली विमानं श्टाइनहूडर मेअर या तळ्यातून पाणी उचलून ओतत होती. आग आटोक्यात येईपर्यंत सात-आठ हजार हेक्टर जंगल खाक झालं होतं.

धूर दिसला नव्हता असं नाही. अडलं ते खाली. लष्कर, पोलीस आणि बंबवाले यांच्या वायरलेसचा एकमेकांशी मेळ नव्हता. नकाशे अपुरे होते. लांबून मदतीला आलेल्या बंबांना रेतीतल्या वाटा माहीत नव्हत्या. म्हणून मला तरी वाटतं, या विमानाचं खरं काम धूर शोधल्यानंतर सुरू होतं. खालच्या गाडीला वायरलेसवर सांगायचं, "पुढच्या चौकात डावीकडे वळा," किंवा "आग वळली, मागे फिरा." धुरात सापडलेल्या ड्रायव्हरला दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. त्याला मागे फिरायची वाट कुठे आहे, ते वरच्यालाच दिसतं.

पुढे तिथल्या टेहळणीच्या मनोऱ्यांवरची माणसं उतरली, आणि तिथे गरगर फिरणारे कॅमेरे बसले. त्यांची चित्रं ल्यूनेबुर्गच्या केंद्रात दिसतात. धूर टिपण्यात कॅमेरा बहुधा माणसाला मागेच टाकत असेल, दमत तर नाहीच. पण बंबाला वाट दाखवायला तो मनोरा सोडून जाऊ शकत नाही. त्यामुळे वणव्याच्या धोक्याचा आकडा पाचपैकी चार-पाचवर गेला, की ल्यूनेबुर्ग आणि हिल्डेसहाइमच्या धावपट्ट्यांवरून ती सेस्ना विमानं अजूनही उडतात. आत तेच स्वयंसेवक, मांडीवर नकाशा घेऊन.