पाणी ओतायचं नाही!

परवा शेजारच्या हनोईच्या काकूंकडे 'झटपट व्हिएतनामी स्वयंपाक' शिकायला गेले होते. बेत काय, तर भात आणि नाळीची भाजी! तिकडे तिला राऊ मुओंग म्हणतात. उकळत्या पाण्यात मीठ टाकायचं, भाजी सोडायची, दोन-तीन मिनिटांत बाहेर काढायची. वाटीत नुओक माम, म्हणजे माशांना मीठ लावून मुरवल्यावर निघणारं खारट पाणी. त्यात लसूण, मिरची, लिंबू, चिमूटभर साखर. झालं जेवण.

मी सवयीने भाजीचं पाणी ओतून द्यायला पातेलं उचललं, तर काकू ओरडल्याच. त्यांनी त्या हिरव्या पाण्यात लिंबू पिळलं, रंग फिका झाला, आणि तेच सूप म्हणून भाताबरोबर आलं. एका जुडीत दोन पदार्थ!

जेवताना मग 'बाओ काप'चे दिवस निघाले. व्हिएतनामच्या उत्तरेत रेशन आधीपासून होतंच. १९७५ मध्ये युद्ध संपलं, १९७६ मध्ये देश एक झाला आणि ही व्यवस्था सगळीकडे लागू झाली. तांदूळ, मांस, साखर, रॉकेल, कापड... सगळं कुपनावर. पहाटेपासून रांगा. माणूस नसेल तर त्याच्या जागी वीट किंवा दगड! तांदळाचं पुस्तक हरवणं इतकं भयंकर, की अजूनही कोणी तोंड पाडून बसलं तर 'तांदळाचं पुस्तक हरवलं का?' असं विचारतात म्हणे.

तांदूळ पुरायचा नाही, म्हणून भातात रताळं नाहीतर कसावा मिसळायचा. युद्धाच्या काळात सरकारी दुकानातल्या बिनमांसाच्या फोला लोकांनी नाव दिलं होतं 'बिनपायलटचा फो', डोक्यावरून जाणाऱ्या अमेरिकेच्या बिनपायलट विमानांवरून. भुकेतही विनोद सुचतो माणसाला.

नाळीची भाजी आणि तिचं पाणी त्याहून जुनं. पण त्या वर्षांत ती आवड नव्हती, नाइलाज होता. भाजी तळ्याकाठी, डबक्यात कुठेही वाढते आणि शिजायला रॉकेल कमी लागतं. 'झटपट' हे असं आलेलं.

हे सगळं दुष्काळामुळे नव्हतं, हे मला नवीन होतं. युद्धाने मोडलेला देश, अमेरिकेची व्यापारबंदी, १९७८ च्या अखेरीपासून कंबोडियातली लढाई हे तर होतंच. पण सामुदायिक शेतीत राबून शेतकऱ्याच्या हाती फारसं काही पडत नव्हतं. १९८६ मध्ये महागाई ७०० टक्क्यांच्या वर गेली. त्याच डिसेंबरात पक्षाने 'दोई मोई', म्हणजे नूतनीकरण, जाहीर केलं. १९८८ मध्ये जमीन कसण्याचा अधिकार कुटुंबांकडे आला आणि १९८९ मध्ये त्याच देशाने दहा लाख टनांहून जास्त तांदूळ निर्यात केला. शेतं तीच, माणसंही तीच!

काकूंच्या घरी आता तांदळाची पोती असतात. तरी पाणी ओतवत नाही.

रात्री फोनवर आईला सांगितलं. ती बहात्तरच्या दुष्काळातल्या लाल मिलोच्या भाकरीबद्दल बोलत राहिली. मग म्हणाली, "त्यात नवल काय? पुरणाच्या डाळीचं पाणी आपण तरी कुठे ओततो? कटाची आमटी करतोच ना!"

खरंच की. फरक एवढाच, की मला ती आमटी फक्त सणाची म्हणून माहीत होती.